राजीनामा सध्या खिशातच असू दे

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय २७. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला काम करतो. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या. गेलं दीड वर्ष महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला जाऊन स्टँडअपचे ओपन माइक करतोय, म्हणजे नवख्यांना पाच-पाच मिनिटं स्टेज देणारे कार्यक्रम. बाबा केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसवर, ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. सुरुवातीला ते काही म्हणत नव्हते. उलट पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलो की सीबीएस स्टँडवर मला न्यायला तेच यायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यावरच्या माझ्या एका रीलला साडेआठ लाख व्ह्यूज आले. मग दिवाळीचा बोनस घेऊन राजीनामा द्यायचा आणि मुंबई गाठायची असं मी घरात सांगितलं. आधी स्टँडअप, त्यातून टीव्हीवरचा एखादा कॉमेडी शो, मग सिनेमा असा विचार आहे. बाबा आता धड बोलत नाहीत. ‘सोंगंच करायची असतील तर घराबाहेर जाऊन कर’ म्हणाले. माझ्यासाठी स्थळं बघणं चाललंय, तेही अडलंय. मुंबईतल्या एका कास्टिंगवाल्याचा मेसेज आलाय, प्रोफाइल रजिस्टर करायला पंचवीस हजार मागतोय. तीन व्हिडिओ सोबत पाठवलेत. नोकरी सोडू का? आणि बाबांना कसं समजावू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नोकरीचं मागनं बोलू. आधी ते रील.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्यात. रील गाजलं आणि बाबा बोलायचे थांबले. तू म्हणतोस त्यांना तुझं करिअर पसंत नाही. मग पहाटे सीबीएसवर गाडी घेऊन कोण उभं राहायचं? ज्या माणसाला पोराचं स्टेजवर जाणं खुपतं, तो थंडीत उठून त्याला घ्यायला येत नाही. ‘रिक्षानं ये’ म्हणतो आणि कूस बदलतो. बाबांना तुझ्या विनोदाचं वावडं नाही. त्या एका विनोदानं त्यांना लागलंय.

मी ते रील नीट बघितलं. पहिला भाग फार सुरेख आहे. रिटायर ड्रायव्हर पोराच्या स्प्लेंडरवर मागं बसतो आणि दर सिग्नलला त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. मिरजकर तिकटीला वळताना तो नसलेल्या आरशात डोकावतो. लग्नाच्या पंगतीत वाट अडवून उभ्या राहिलेल्यांना ‘चला, मागं सरका, मागं जागा आहे’ म्हणतो. (वाक्य कंडक्टरचं आहे, पण जन्मभर ऐकून ड्रायव्हरलाही लागणारच.) इथपर्यंत तुझ्या आवाजात माया आहे, आणि ती ऐकू येते. मग तू त्यांना बँकेत नेतोस. साहेबासमोर त्यांचा आवाज खाली जातो, ते ‘सर, सर’ करत अडखळतात, इंग्रजी फॉर्म उलटा धरतात. सगळ्यात मोठा हशा तिथं आहे. रीलवर जे मोठ्या अक्षरात लिहिलंयस तेही तिथलंच.

खरं सांग, फॉर्म उलटा धरला होता? ज्या माणसानं सगळी नोकरी रूटबोर्ड, ड्यूटी चार्ट आणि अपघाताचे जबाब वाचण्यात घालवली, तो फॉर्म उलटा धरत नाही. तू ते जोडलंस, कारण तिथं हशा कमी पडत होता. हे सगळेच करतात आणि विनोदात तिखटमीठ लावायला माझी ना नाही. पण लावलेलं तिखट कुणाच्या डोळ्यात जातंय ते बघावं लागतं. हे रील तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या त्यांच्या जुन्या दोस्तांनी बघितलं असणार. कुणीतरी हसत हसत त्यांच्यासमोर फोन धरला असणार. साडेआठ लाखांतली ती आठ-दहा माणसं त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत.

आता यातली कारागिरीची बाजू. विनोद म्हटला की कुणाची तरी फजिती आलीच, आणि एकट्यानं स्टेजवर उभं राहणाऱ्यानं ती शक्यतो आपल्यावर घ्यावी. त्या बँकेत तू कुठं होतास? बाबांच्या शेजारीच ना? ते अडखळले तेव्हा तू काय केलंस? मला वाटतं तुला लाज वाटली आणि तू जरा लांब झालास. तो विनोद तिथं आहे, तू उचललाच नाहीस. म्हणजे असं बघ: ‘बाबा साहेबाला सर-सर म्हणत होते आणि मी हळूच दोन पावलं मागं जाऊन नोटीस बोर्ड वाचायला लागलो. सोनेतारण कर्जाचे दर मला अजून पाठ आहेत. आख्खं बालपण घरात मागं सरका, मागं सरका ऐकलं. खरोखर सरकलो ते त्या दिवशी.’ पंगतीतलं वाक्य असं शेवटी परत आलं की लोक हसतील, आणि हसून झाल्यावर त्यांच्यातल्या निम्म्यांना आपापला बाप आठवेल. हे वाक्य तुला माझ्याकडनं फुकट. जमलं तर वापर, नाहीतर तुझं तू शोध.

ते रील काढून टाक. व्ह्यूज जातील, जाऊ देत. काढल्यावर बाबांना एका वाक्यात सांग, आणि त्याच वाक्याला मुंबई जोडू नकोस. ‘रील काढलं, आता तरी जाऊ द्या’ हा सौदा झाला, आणि ड्रायव्हर माणसाला सौदा लगेच कळतो. पुढचे काही दिवस करिअरचा विषयच नको. इथून पुढं घरातल्या माणसावरचा तुकडा नेटवर टाकायच्या आधी त्या माणसाला दाखवायचा. स्टेजवर तीस जण ऐकतात आणि घरी जातात. रील मात्र फिरून आपल्याच गल्लीत येतं.

दुसरा व्हिडिओ तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा आणि मिसळीचा. पुणेकराला मिसळ खायला घातली आणि त्याच्या कानातनं धूर आला. हशा आहे, टाळ्या आहेत, मागून एकजण ‘नाद खुळा’ ओरडतोय. चालतं, चालणारच. पण यात तुझं काय आहे? हा गावाच्या वेशीवर लावलेला फलक झाला, कुणीही यावं आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढावा. ‘भावा’, ‘लई भारी’ आणि ‘जाळ अन् धूर संगटच’ एवढ्या भांडवलावर जाहिरातवाले, सिरियलवाले आणि प्रचारसभेतले वक्ते कधीपासून धंदा करतायत. त्या रांगेत तू का उभा राहतोस?

आणि या विनोदाची किंमत नंतर मोजावी लागते, विशेषतः तुला नट व्हायचंय म्हणून. कास्टिंग करणारा माणूस शंभर व्हिडिओ बघतो आणि प्रत्येकाच्या नावापुढं एक ओळ लिहितो. तुझ्यापुढं लिहील: कोल्हापुरी टोन, कॉमेडी, हिरोचा मित्र. ती ओळ एकदा लागली की पुढची दहा वर्षं तू हिरोच्या खांद्यामागं उभा राहून ‘आता काय करायचं रं’ विचारणार. हिरो पुण्या-मुंबईचा असेल, त्याचं कोल्हापुरी तुलाच सुधारून द्यावं लागेल आणि त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. बोली सोड असं मी म्हणत नाही. तू घरात ‘करालोय’, ‘जालोय’ म्हणतोस तर स्टेजवरही म्हण, तुझा श्वास त्या लयीत बसलाय. पण त्या बोलीत तू काहीतरी सांगितलं पाहिजेस. नुसती ती ऐकवून हशा घेणं सोपं आहे, आणि सवय लागते.

तिसरा व्हिडिओ तू बहुधा संख्या भरायला पाठवलास. जेमतेम चारजण हसतायत त्यात. मला तिन्हींत तोच आवडला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा म्हणतो: फौंड्रीत कास्टिंगमध्ये (म्हणजे ओतलेल्या पीसमध्ये) ब्लोहोल (आत अडकलेल्या हवेचं भोक) निघाला तर मी त्या पीसवर लाल रंग मारतो आणि रिजेक्शनच्या रजिस्टरला कारण लिहितो. वाळूत ओल जास्त होती का, ओतताना मेटल थंड होतं का. ते चार साहेबांना जातं, त्यावर मीटिंग होते. आणि मला मुलीकडच्यांनी नाकारलं की नुसतं ‘पत्रिका जुळत नाही’! अहो, कारण लिहा की. ओल होती का? मेटल थंड होतं का?

हे तुझं आहे. हे दुसरा कुणी करू शकत नाही, कारण दुसऱ्या कुणी ते रजिस्टर भरलेलं नाही. पुण्यात का पडलं तेही सांगते. ब्लोहोल म्हणजे काय हे कॅफेतल्या पोरांना माहीत नाही, आणि तू ते तीन सेकंदांत उरकलंस. जरा थांब. वाळूचा साचा, त्यात ओतलेलं लाल लोखंड, आत अडकलेली हवा, बाहेरून गुळगुळीत दिसणारा पीस आणि कापल्यावर आत भोक, एवढं पंधरा सेकंदांत डोळ्यांसमोर उभं कर. मग लोक तुझ्याआधीच त्या मुलीच्या घरी पोचतील. आणि शेवट तू सोडूनच दिलायस. रिजेक्ट झालेला पीस तुम्ही फेकत नाही, परत भट्टीत टाकून वितळवता ना? मग स्थळ गेल्यावर आई काय म्हणते ते सांग. जिमला जा म्हणते, केस काप म्हणते. तीही तुला परत ओतायलाच बघतेय.

म्हणजे ज्या नोकरीतून तुला सुटायचंय, तिथंच तुझा सगळा माल पडलाय. जॉनी लिव्हर हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या साहेबांच्या नकला करत होते आणि नाव तिथंच मिळालं. नोकरी सोडली ती बाहेरचे स्टेज शो वाढल्यावर. तू उलट क्रमानं निघालायस.

एकच सावधगिरी. कंपनीचं नाव, गिऱ्हाईकाचं नाव, कुठल्या गाडीचा पार्ट होता हे स्टेजवर बोलायचं नाही. नेमणूकपत्रात गुप्ततेचं कलम आहे का बघ, बहुतेक असतंच. साहेबाची नक्कल करायची तर त्याचं टक्कल, त्याचं गाव, त्याची गाडी सगळं बदलून टाक.

आता मुंबई. स्टँडअपवाल्याची मिळकत मिनिटांत मोजतात. फॉलोअर किती हे आयोजक विचारतो, पण एकदा स्टेजवर चढवल्यावर वीस मिनिटं लोकांना धरून ठेवतोस का एवढंच बघतो. तुझा हिशेब मांडू. दीड वर्षात चाळीस-पंचेचाळीस ओपन माइक झाले असतील. एका वेळी पाच मिनिटं मिळतात, चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा लाइट दाखवतात. सगळं मिळून स्टेजवरचे चार तासही भरत नाहीत. त्यातली खात्रीची, म्हणजे कुठल्याही खोलीत, कुठल्याही वाराला हसू आणणारी मिनिटं किती? मला तीन व्हिडिओ बघून सहा-सात वाटतात. मनाला लावून घेऊ नकोस, दीड वर्षात एवढी झाली हे वाईट नाही. पण कॉलेजच्या कार्यक्रमाला वीस-तीस मिनिटं लागतात, कंपनीच्या कार्यक्रमाला तेवढीच आणि तीही शिवीशिवाय, आणि स्वतःच्या नावावर तिकीट लावायचं तर तास लागतो. तासभर म्हणजे आजच्यासारखे बारा तुकडे, एकमेकांत ओवलेले. बहुतेकांची त्यात वर्षं जातात.

मुंबईच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे. तिथं आठवड्याला पाच-सहा वेळा स्टेजवर जाता येतं. जाण्याचं तेवढं एकच कारण मला पटतं. पण तिथल्या बऱ्याचशा ओपन माइकवर हिंदी आणि इंग्रजी चालते, मराठीच्या जागा त्यामानानं कमी. तुझे तिन्ही व्हिडिओ मराठीत आहेत. हिंदीत करणार आहेस का याचा पत्रात उल्लेख नाही. केलंस तरी चालेल, फक्त उसनी हिंदी नको. इंदूरचा झाकीर खान आपल्याच घरगुती हिंदीत बोलत बोलत २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत गेला. मराठीत म्हणशील तर भाडिपाच्या (भारतीय डिजिटल पार्टी या यूट्यूब चॅनेलच्या) मंडळींनी गेल्या काही वर्षांत मराठी स्टँडअपला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळवून दिलाय. म्हणजे दार बंद नाही. आणि आपल्या भागाला तर ही सवय जुनीच आहे. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे आणि एका माणसाचं बोलणं ऐकायला लोक सतरंज्या अंथरून बसायचे. पाटील तर आपल्या पट्टणकोडोलीचे.

म्हणून माझं म्हणणं आहे, वर्षभर तरी इथलीच खोली तयार कर. राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत एखादा कॅफेवाला गाठ, ज्याचा मंगळवार-बुधवार रिकामा जातो. तीस-चाळीस खुर्च्या पुरेत. मोठ्या नाट्यगृहाची स्वप्नं आत्ता नकोत. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टात जळालं तेव्हा आम्ही हौशी नाटकवाले रस्त्यावर उभं राहून रडलोय. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं घर ते, तिथं उभं राहायचं तर आधी अंगात काहीतरी लागतं. असो. कॅफेत तिकीट शंभर रुपये ठेव, फुकट ठेवू नकोस. फुकट आलेला माणूस हसायचं की नाही ते चहा येईपर्यंत ठरवत नाही. स्वतः सूत्रसंचालन कर, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ माइक हातात राहतो आणि लोकांशी जागच्या जागी बोलायची सवय होते. तमाशातला सोंगाड्या बतावणीत हेच करायचा. समोर पाटील बसलाय का फौजदार बसलाय हे बघून वाक्य फिरवायचा.

मग महिन्यातला एक रविवार बाहेर. इचलकरंजी तासाभरावर, सांगली त्याच्या थोडं पुढं, निपाणी हायवेला लागूनच, आणि जमलं तर बेळगाव. पुण्याच्या हायवेचं काम कधी संपायचं ते संपो, या बाजूला तरी वेळेत पोचशील. इचलकरंजीत समोर लूमवाला बसेल, निपाणीत तंबाखूचा व्यापारी, बेळगावात कन्नडच्या हेलात मराठी बोलणारी कॉलेजची पोरं. तांबड्या-पांढऱ्याचा विनोद तिथं चालणार नाही, सांगलीत तर शिव्या खाशील. ब्लोहोलचा चालला तर समज की तो गाव ओलांडून जाणारा आहे. पुण्याचं बंद करू नकोस, ते महिन्यातून एकदा चालू राहू दे. प्रत्येक वेळचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाताना ऐक. स्टेजवर आपल्याला जे हसू ऐकू येतं ते रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा नसतं.

नटाचं काम वेगळं आहे, आणि तुझ्या योजनेत मला सगळ्यात कच्चा दुवा तो दिसतो. स्टँडअपातून कॉमेडी शो, त्यातून सिनेमा, अशा पायऱ्या तू धरल्यास. हास्यजत्रा काय नि हवा येऊ द्या काय, तिथली बहुतेक माणसं नाटकातून, एकांकिकांतून आलीत. ते स्किट आहे. समोरच्यानं टाकलेलं वाक्य झेलायचं, त्याचा हशा त्याला घेऊ द्यायचा, आपण थांबायचं. स्टँडअपवाल्याला नेमकं हेच अवघड जातं. तो थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघतो, नटानं समोरच्या पात्राच्या डोळ्यांत बघायचं असतं. तो हशासाठी थांबतो, आणि कॅमेऱ्यासमोर हशा येतच नाही. सगळं युनिट ओठ दाबून उभं असतं आणि दिग्दर्शक ‘पुढचा शॉट’ म्हणून मोकळा होतो. नवखा स्टँडअपवाला तिथं बावचळतो आणि दुप्पट जोरात करायला लागतो.

म्हणून एकांकिकेवर सुटलेला हात परत बसव. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर इथल्या हौशी संस्था उतरतात. एखाद्या संस्थेत जा आणि मुद्दाम गंभीर भूमिका माग. तालमी रात्रीच असतात, नोकरीच्या आड येत नाहीत. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, जिल्ह्यात सिरियलींची शूटिंग होत असतात. ‘तुझ्यात जीव रंगला’चा वाडा आपल्या वसगड्यात होता, आणि असल्या सिरियलींना आसपासचे कलाकार लागतातच. एका दिवसाचा हवालदार, पोस्टमन, दुधवाला मिळाला तरी कर. मार्कवर, म्हणजे आखून दिलेल्या जागेवर, येऊन थांबणं, तेच वाक्य पाच अँगलनी तसंच बोलणं, दिवसभर बसून संध्याकाळी सहाला ताजं दिसणं, हे तिथंच शिकायला मिळतं. ऑडिशन हल्ली मोबाइलवर मागवतात. नाव, वय, उंची, गाव, डावी-उजवी बाजू, आणि दिलेला सीन. त्यासाठी अंधेरीत खोली घेऊन राहायची गरज नाही. निवड झाली की महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सुटते, सकाळी मुंबईत.

दादा कोंडके १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या सिनेमात आले तेव्हा लोकांना वाटलं हा कुठून उगवला. त्याआधीची सेवा दलाच्या कलापथकातली आणि लोकनाट्यातली वर्षं पडद्यावर दिसत नव्हती. अशा कितीतरी रात्री प्रेक्षकांपुढं काढल्यावर कॅमेऱ्याची काय भीती वाटणार?

पैशाचं थोडक्यात. ओपन माइकचे पैसे मिळत नाहीत, काही ठिकाणी तूच भरतोस. सिरियलचं मानधन दिवसावर ठरतं आणि हातात यायला तीन-तीन महिने लागतात, हे त्या धंद्यात सगळे गृहीत धरतात. कंपन्यांच्या कार्यक्रमात बरे पैसे असतात, पण ते वीस मिनिटांच्या स्वच्छ मालाला. तेव्हा बोनस आला की तो आणि पुढच्या पगारातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाक. मुंबईचं भाडं, जेवण, लोकल आणि घरी द्यायचे पैसे धरून एक वर्षाचा खर्च जमला, आणि खात्रीची चाळीस मिनिटं झाली, की त्या दिवशी राजीनामा दे. तारीख दिवाळीनं ठरवायची नाही, या दोन आकड्यांनी ठरवायची. बाबांनाही हे असंच सांग. ‘माझ्या स्वप्नाला पाठिंबा द्या’ याच्यापुढं त्यांना काही बोलता येणार नाही. पण ‘इतके पैसे आणि इतकी मिनिटं झाली की जातो’ याच्यावर त्यांना भांडता येईल, आकडा वाढवून मागता येईल. टाइमटेबलवर नोकरी काढलेला माणूस आहे, त्याच्याशी टाइमटेबलच्या भाषेत बोल.

स्थळांचं काय ते विचारलं नाहीस, तरी सांगते. मुलीला पहिल्या भेटीत खरं सांगायचं, आईवडिलांच्या देखत. ‘हौस आहे’ म्हणून झाकून ठेवायचं नाही. एखादी तिकीट काढून ऐकायला आली तर उत्तमच, पण तिच्यावर लगेच तुकडा लिहू नकोस.

राहिला तो पंचवीस हजारवाला. खरा कास्टिंग करणारा माणूस नटाकडून पैसे घेत नाही, त्याला निर्माता देतो. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, वर्कशॉप, युनियनचं कार्ड काढून देतो, अशी नावं बदलत राहतात. मागणी तीच असते. त्याच्याशी घासाघीसही करू नकोस, दहा हजारावर येईल आणि तुला वाटेल आपण जिंकलो. तेवढ्या पैशात एक चांगला माइक, एक छोटा स्पीकर आणि वर्षभराचं इचलकरंजी-निपाणीचं पेट्रोल निघतं. मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेव आणि नंबर ब्लॉक कर.